अंडरग्राउंड टेक्नो डीजे व्हायचंय? स्वतःचा साऊंड कसा घडवायचा आणि गिग कशा मिळवायच्या

टेक्नो मिक्स करायला शिकणं तसं फार अवघड नाहीये. दोन ट्रॅक एका टेम्पोवर आणायचे आणि एकातून दुसऱ्यात जायचं, हे मन लावून बसलात तर काही महिन्यांत जमतं, शिवाय आता टेम्पो आपोआप जुळवणारं सिंक बटण आहेच. खरं अवघड काय तर फ्लोअरवर डोळे मिटून नाचणाऱ्या माणसाला दहा मिनिटांत कळलं पाहिजे की आत्ता बूथमध्ये तुम्हीच आहात, दुसरं कोणी नाही. अंडरग्राउंडमध्ये करिअर म्हणून जे काही होतं ते या ओळखीवरच उभं राहतं असं माझं ठाम मत आहे, फॉलोअर वगैरे सगळं नंतरचं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं ही ओळख कशी तयार करायची याबद्दलच आहे.

आधी कान तयार करा

गिअर घ्यायच्या आधी ऐका, आणि मुळापासून ऐका. ८० च्या दशकाच्या मध्यात डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डर्सन या तिघांनी हे म्युझिक घडवलं, तिघांची ओळख बेलव्हिलमध्ये शाळेत असतानाची. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या लोकांच्या हातात जी मशिन्स होती त्यातलं रोलंड कंपनीचं टीआर-९०९ हे ड्रम मशिन १९८३ ला आलं, तेव्हा बाजारात फारसं चाललं नाही आणि मग सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं, त्यामुळे खिशात फार पैसे नसलेल्या पोरांना ते परवडलं आणि तोच किक (जड ठोका), तीच हॅट (झांजेसारखा बारीक आवाज) आजपर्यंत टेक्नोचा कणा आहे. हे सांगायचं कारण असं की साऊंड हा हवेतून येत नाही, हाताशी काय आहे आणि कुठल्या खोलीत वाजवताय यातून तो घडतो. बर्लिनमध्ये भिंत पडल्यावर रिकाम्या जागा पडून होत्या, १९९१ मध्ये ट्रेझॉर क्लब सुरू झाला तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत, आणि तसल्या बंदिस्त जागेत कोरडा, दणकट साऊंडच शोभतो. त्याच शहरात १९९३ पासून बेसिक चॅनल नावाने काम करणाऱ्या दोघांनी, म्हणजे मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी, कॉर्ड इकोमध्ये बुडवून पूर्ण वेगळीच वाट धरली. रॉबर्ट हूडने डेट्रॉइटमध्ये राहून ट्रॅकमधलं जवळजवळ सगळं काढून टाकलं आणि उरलेल्या दोन-तीन गोष्टींवर अख्खी रेकॉर्ड चालवली. बर्मिंगहॅममध्ये सर्जन आणि रेजिस या डीजेंनी त्यात कारखान्याचा खडखडाट आणला. या चारपैकी तुम्हाला कुठलं आत लागतं ते बघा. चारही आवडले तरी हरकत नाही, पण सगळ्यात जास्त कुठलं लागतं याचं उत्तर तुमच्याकडे असायलाच हवं.

आता ऐकायचं कसं, तर बॅकग्राउंडला लावून नाही. डेट्रॉइटचा डीजे जेफ मिल्स याचा टोकियोच्या लिक्विड रूम क्लबमध्ये १९९५ ला रेकॉर्ड झालेला सेट घ्या, हेडफोन लावा, कागद घेऊन बसा आणि प्रत्येक रेकॉर्ड कधी आत आली, कधी बाहेर गेली याची वेळ लिहीत जा. तीन टर्नटेबलवर हा माणूस काय करतो ते तेव्हा लक्षात येतं, काही रेकॉर्ड मिनिटभरसुद्धा राहत नाहीत, एक नुसती हॅटसाठी येते आणि निघून जाते. मग त्याच्या उलट, एखाद्या रेसिडेंटचा, म्हणजे एकाच क्लबमध्ये नियमित वाजवणाऱ्या डीजेचा, चार-पाच तासांचा सेट घ्या आणि तसंच लिहा, तिथे एकेक ट्रॅक सहा-सात मिनिटं आरामात बसलेला दिसेल. हे दोन कागद शेजारी ठेवले की घाई आणि संयम यातला फरक दिसतो, तो कुठल्याही ट्युटोरियलमध्ये इतका स्पष्ट दिसणार नाही.

कलेक्शन म्हणजेच स्टाईल

लोक विचारतात की स्वतःची स्टाईल कशी आणायची, तर बाबांनो ती ट्रॅक निवडण्यातून येते, आणि निवडण्यापेक्षाही नको म्हणण्यातून. चार्टवरचे पहिले पन्नास ट्रॅक उचललेत तर तुम्ही त्याच पन्नास ट्रॅकवाल्या शेकडो डीजेंपैकी एक होणार, हे सरळ आहे. त्याऐवजी एक आवडता ट्रॅक घ्या, डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या साइटवर त्याचं लेबल उघडा, त्या लेबलच्या पहिल्या रिलीजपासून ऐकत या, त्यात कोणाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते बघा, मग त्या माणसाची दुसऱ्या नावाने केलेली कामं शोधा, टेक्नोत एकेक जण चार-चार नावांनी रिलीज करतो त्यामुळे ही साखळी संपतच नाही. नवीन गोष्टींसाठी बँडकॅम्प या म्युझिक विकणाऱ्या साइटवर लहान लेबलं फॉलो करा आणि पैसे देऊन घ्या, फुकट ढापलेल्या फाइलचा दर्जा मोठ्या सिस्टिमवर लगेच उघडा पडतो आणि ज्याने ट्रॅक बनवला त्याला काही मिळत नाही हे वेगळंच.

बर्लिनचं हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान, १९८९ पासूनचं, अर्नेस्टसनेच सुरू केलेलं, तिथे रेकॉर्डबरोबर अगदी मोजक्या शब्दांत वर्णन दिलेलं असतं. हीच सवय स्वतःला लावा. रेकॉर्डबॉक्स या ट्रॅक लावून ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅकच्या कमेंटमध्ये चार-पाच शब्द लिहा, उदाहरणार्थ "कोरडा किक, हॅट उशिरा, पहाटेसाठी" किंवा "बास जड, ब्रेक नाही, टूल" (टूल म्हणजे दुसऱ्या ट्रॅकवर चढवायचा साधा ट्रॅक). रात्री अंधारात बूथमध्ये नाव आठवत नाही, आर्टवर्क दिसत नाही, तेव्हा या चार शब्दांवर हात चालतो. फोल्डरसुद्धा जॉनरवरून करू नका, कामावरून करा: फ्लोअर हळूहळू भरणारे, भरलेला फ्लोअर धरून ठेवणारे, चाल मोडून नवीन वळण देणारे, आणि शेवटचे. आणि जो ट्रॅक सहा महिने एकदाही वाजवावासा वाटला नाही तो यूएसबी स्टिकवरून काढा, तीनशे नीट ओळखीचे ट्रॅक हे तीन हजार अनोळखी ट्रॅकपेक्षा कधीही बरे.

हात बसवणं

एक मिक्स अगदी जवळून बघू. समजा दोन्ही ट्रॅक १३२ बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १३२ बीटवर आहेत. एक बार म्हणजे चार बीट, त्याला १.८ सेकंद लागतात, सोळा बार म्हणजे साधारण २९ सेकंद. टेक्नोत बहुतेक बदल आठ किंवा सोळा बारनंतर होतात त्यामुळे नवीन ट्रॅक त्या सोळाच्या समेवर सोडायचा, मध्येच नाही. सोडताना मिक्सरवर त्याचा लो (खालचे जड आवाज) पूर्ण बंद, मिड (मधले आवाज) अर्ध्यावर, फक्त हॅट वर येऊ द्यायची. फेडर (आवाजाची सरकपट्टी) एकदम नाही, पहिल्या सोळा बारमध्ये हळूहळू. आता दोन ट्रॅक सोबत चाललेत आणि लोकांना अजून कळलेलंही नाही. पुढच्या सोळात मिड उघडा, आणि आधीच्या ट्रॅकमध्ये कुठे स्टॅब (कॉर्डचा छोटा झटका) किंवा व्होकल असेल तर दोन्ही एकमेकांच्या अंगावर येतायत का ते ऐका, येत असतील तर जुन्याचा मिड उतरवा. मग एका समेवर लो बदलायचा, जुन्याचा खाली आणि नव्याचा वर, दोन्ही हात एकाच वेळी. दोन किकचे लो एकत्र ठेवले तर खाली चिखल होतो, कधी दोन्ही वेव्ह उलट्या पडून किकच बारीक होतो, म्हणून एका वेळी एकच. आणि हा बदल झाल्यावर जुना ट्रॅक लगेच काढायचा नाही! त्याची हॅट, त्याचा एखादा लूप अजून दीड-दोन मिनिटं राहू द्या, कारण या दोन ट्रॅकच्या मध्ये जो तिसराच ट्रॅक तयार होतो, जो कुठेही विकत मिळत नाही, तिथेच टेक्नो डीजेचं खरं काम असतं.

हे सिंक लावून करा किंवा कानाने, माझं म्हणणं एवढंच की कानाने बीटमॅच करायला शिकाच, कारण जुन्या रेकॉर्डमध्ये टेम्पो हलतो, सॉफ्टवेअरने आखलेली बीटची ग्रिड चुकते, आणि ट्रॅक सरकायला लागल्याचं स्क्रीनच्या आधी कानाला कळलं पाहिजे. टेक्निक्सचं १२१० टर्नटेबल मिळालं तर त्यावर सराव करा, पिच (वेग) प्लस-मायनस ८ टक्के, स्क्रीन नाही, लपायला जागा नाही. गेनबद्दल, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाच्या पातळीबद्दल, एकच सांगतो, मिक्सरचे लाल दिवे लागू देऊ नका. आवाज कमी वाटला तर साऊंडवाल्याला सांगा, त्याच्याकडे जागा असते. लाल केल्याने आवाज वाढत नाही, फाटतो.

वॉर्म-अपने सुरुवात करा

नवीन डीजेला बहुतेक वेळा पहिला स्लॉट मिळतो, रिकामी खोली, बारजवळ आठ-दहा माणसं. याला कमी लेखू नका, मला विचाराल तर अख्ख्या रात्रीतला सगळ्यात जबाबदारीचा स्लॉट हाच. १४० चे दणके वाजवून पुढच्याची वाट लावायची नाही. १२४-१२६ वर सुरू करा, जागा मोकळी ठेवा, बास असू द्या पण किक सौम्य, दर अर्ध्या तासाला अगदी थोडं वर, आणि पुढचा डीजे बूथमध्ये आला की त्याला विचारा कुठून सुरू करणार आहेस, त्याच्या टेम्पोच्या जरा खाली आणून द्या. शेवटचा ट्रॅक पुरेशा शिल्लक लांबीचा ठेवा म्हणजे त्याला स्टिक लावायला, हेडफोन जोडायला श्वास मिळतो. जो हे नीट करतो त्याला प्रमोटर परत बोलावतोच, आणि तीच गोष्ट पुढे रेसिडेन्सी होते. रेसिडेन्सीसारखी शाळा नाही, तीच खोली, तीच सिस्टिम, महिन्यामागून महिना वेगवेगळ्या वेळा. बर्लिनच्या बर्गहाइन क्लबची ओळखसुद्धा बऱ्याच अंशी तिथल्या रेसिडेंट लोकांनी केली आहे, आणि जेफ मिल्स क्लबांमध्ये जगभर फिरायच्या आधी डेट्रॉइटच्या रेडिओवर 'द विझर्ड' नावाने नियमित वाजवत होता.

गिग मागायची पद्धत सांगतो. ज्या नाइटमध्ये वाजवायचंय तिथे आधी नाचायला जा, अनेकदा जा, लवकर जा, ओपनिंग ऐका. मग तासाभराचा एक मिक्स करा, एका दमात रेकॉर्ड केलेला, कापाकापी न करता, आणि तो त्या खोलीला शोभेल असा. मेलमध्ये चार ओळी पुरेत, तुम्ही कोण, त्यांच्या नाइटमध्ये काय आवडलं, मिक्सची लिंक. पन्नास जणांना एकच मेल टाकू नका, कळतं ते लगेच.

आणि कोणी बोलावत नसेल तर स्वतःची नाइट करा. ऐंशी-शंभर माणसांची जागा, लाइट कमीत कमी, आणि बजेटमधला मोठा हिस्सा साऊंडवर. डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाने, म्हणजे मॅड माइक बँक्स आणि मंडळींनी, मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता स्वतःचं लेबल, स्वतःचं डिस्ट्रिब्युशन उभं केलं, चेहरे झाकून फोटो दिले, आणि जगभरातले लोक आजही त्यांच्या रेकॉर्ड शोधत फिरतात. जेफ मिल्सचं अ‍ॅक्सिस हे लेबलही १९९२ पासूनचं. स्वतःचे ट्रॅक करत असाल तर हीच वाट धरा, मोठ्या लेबलला डेमो पाठवून वर्षभर थांबण्यापेक्षा तीन ट्रॅकची ईपी (छोटी रेकॉर्ड) स्वतः काढा, तुमच्या सेटमध्ये जे मिळत नाही तेच नेमकं बनवा.

रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी

दोन यूएसबी स्टिक, दोन्हींवर तंतोतंत तेच कलेक्शन, फॉरमॅट फॅट३२, कारण जुने सीडीजे (क्लबमधले डीजे प्लेअर) दुसरं काही वाचतीलच याचा भरवसा नाही. फाइल एआयएफएफ किंवा ३२० केबीपीएसची एमपीथ्री, फ्लॅक जुन्या मशिनवर चालत नाही. स्वतःचे हेडफोन, त्याचा मोठा जॅक अ‍ॅडॉप्टर, छोटा टॉर्च.

कानात प्लग घालाच. ८५ डेसिबल आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि बूथ मॉनिटर त्याच्या वर सहज जातात. सर्व फ्रिक्वेन्सी सारख्या कमी करणारे म्युझिशियनचे प्लग घ्या, फोमचे घातले तर हॅट ऐकू येणार नाही. मॉनिटर फक्त मिक्स करताना वर घ्या, मिक्स संपला की खाली.

पैशाचं बोलणं लाजू नका, सगळं मेलवर लिहून घ्या: फी किती, कधी मिळणार, किती वाजता ते किती वाजता, प्रवास आणि राहणं कोणाकडे, रद्द झालं तर काय. अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय तिकीट काढू नका. मित्राच्या नाइटला फुकट वाजवा, बिनधास्त वाजवा, पण जो दारावर तिकीट विकतोय आणि तुम्हाला एक्स्पोजर देतोय त्याला नाही म्हणा. पहिली काही वर्षं दुसरी नोकरी सोडू नका, घरभाडं गिगवर अवलंबून असलं की मनात नसलेले ट्रॅक वाजवायला लागतात, आणि एवढी मेहनत करून घडवलेला साऊंड सगळ्यात आधी तिथेच जातो.