दडलेला एचआयव्ही मोजायला शिकताना

एचआयव्हीच्या सुप्त साठ्यावर, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत 'रिझर्व्हॉयर'वर, काम करायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एक चित्र पक्कं असतं: औषध पोहोचत नाही अशा एखाद्या कोपऱ्यात विषाणू गुपचूप वाढतोय. मुख्य अडचण याहून साधी आहे. औषधं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेज, प्रोटिएज अशा विषाणूच्या एन्झाइम्सना अडवतात, त्यामुळे नव्या पेशीला लागण होत नाही. पण ज्या पेशीच्या गुणसूत्रात विषाणूचा डीएनए आधीच शिवला गेलाय, तिथे या औषधांना करण्यासारखं काही उरत नाही.

एचआयव्ही मुख्यतः सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. बाधित झालेल्या सक्रिय सीडी४ पेशी बहुतेक लवकर मरतात. त्यातल्या थोड्या मात्र मरण्याआधीच विश्रांतीला जातात आणि मेमरी पेशी, म्हणजे जुन्या लागणीची आठवण ठेवणाऱ्या दीर्घायुषी पेशी, होतात. अशा पेशीत जनुकं चालू करणारी एनएफ-कप्पा-बी आणि एनएफएटी ही प्रथिनं केंद्रकाबाहेर असतात, आरएनएची नक्कल पुढे रेटणारं पी-टीईएफबी दुसऱ्या प्रथिनांनी जखडलेलं असतं, प्रोव्हायरसच्या (गुणसूत्रात शिवल्या गेलेल्या विषाणूच्या डीएनएच्या) सुरुवातीचा भाग हिस्टोन या प्रथिनांवर घट्ट गुंडाळलेला असतो. विषाणूचं स्वतःचं टॅट प्रथिन तयार होत नाही, त्यामुळे ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) सुरू झालं तरी थोड्याच अंतरावर अडखळतं. विषाणूने मुद्दाम लपायची युक्ती काढलीय असं समजू नका. पेशी झोपली म्हणून तोही झोपला, एवढंच.

उपचार चालू असलेल्या माणसांच्या विश्रांत सीडी४ पेशींतून जिवंत विषाणू बाहेर काढता येतो, हे १९९७ साली तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. हा साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात. १० लाख पेशींचा साठा या वेगाने संपायला ७० वर्षांहून जास्त काळ लागेल. हे गणित एकदा स्वतः करून पाहा. त्यात २०१४ साली आणखी एक भर पडली. अनेक पेशींत प्रोव्हायरस गुणसूत्रावर अगदी त्याच जागी सापडला. दोन स्वतंत्र लागणी नेमक्या एकाच बेसपाशी होणं जवळजवळ अशक्य, म्हणजे एका बाधित पेशीच्या विभाजनातून त्या सगळ्या आल्या होत्या. साठा नुसता टिकत नाही. एका बाजूने झिरपतो आणि दुसऱ्या बाजूने भरतो.

आता कामाचं. कोणी साठ्याचा आकडा सांगितला, की पहिला प्रश्न विचारा: मोजलं काय? ढोबळमानाने, १० लाख सीडी४ पेशींमागे एकूण एचआयव्ही डीएनए शेकड्यांत ते हजारांत सापडतो. त्यातला अखंड दिसणारा डीएनए काही दहांपासून शंभरच्या आसपास. आणि प्लेटमध्ये खरोखर वाढून दाखवणारा विषाणू साधारण १. ९० टक्क्यांहून जास्त प्रोव्हायरस मोडके असतात: कुठे मोठा तुकडा गळालेला, कुठे पेशीतल्या एपोबेक या विषाणूविरोधी एन्झाइमने डीएनएतल्या 'जी' अक्षराचा जागोजागी 'ए' केलेला. त्यामुळे साध्या पीसीआरने (डीएनएच्या एका छोट्या तुकड्याच्या प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीने) आकडा फुगतो. उलट बाजूने, अखंड प्रोव्हायरस पहिल्या उत्तेजनाला उठेलच असं नाही, त्यामुळे संवर्धनाचा, म्हणजे प्लेटमध्ये विषाणू वाढवून काढलेला, आकडा कमी येतो. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो.

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या; हेपरिन पीसीआरला मारक आहे. १ मिलिलिटर रक्तातून साधारण १० लाख एककेंद्रकी पांढऱ्या पेशी मिळतात आणि त्यातल्या एक-तृतीयांशच्या आसपास सीडी४ असतात. हा हिशेब आधी मांडला नाही, तर नमुना अर्ध्या प्रयोगात संपतो. त्या वेगळ्या करायला रक्त फिकॉल या जड द्रवावर ४०० जी ला (गुरुत्वाच्या ४०० पट जोराने) ३० मिनिटं फिरवा, खोलीच्या तापमानाला, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवून. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतात. रक्त रात्रभर पडून राहिलं तर ग्रॅन्युलोसाइट्स (नको असलेल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) हव्या असलेल्या पेशींच्या थरात येतात आणि पुढची सगळी मोजणी बिघडते. गोठवलेल्या पेशी वितळवताना गुठळ्या झाल्या, तर मेलेल्या पेशींतून सुटलेला चिकट डीएनए हे कारण असतं. माध्यमात डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घातलं की त्या सुटतात. मात्र डीएनए काढण्याआधी ते नीट धुऊन टाका.

अखंड डीएनए मोजायला आयपीडीए (इन्टॅक्ट प्रोव्हायरल डीएनए असे) ही पीसीआरची चाचणी वापरतात; तिच्यात नमुना हजारो बारीक थेंबांत वाटतात. २०१९ साली आलेल्या या पद्धतीत एकाच थेंबात विषाणूच्या दोन जागा तपासतात, एक सुरुवातीच्या पॅकेजिंग सिग्नलची आणि एक आवरणाच्या एन्व्ह जनुकाची. दोन्ही चमकल्या तर प्रोव्हायरस अखंड धरायचा. या दोन जागांत सुमारे ७ हजार बेसचं अंतर आहे, आणि नवखे हात नेमके इथे फसतात. जोरात व्हॉर्टेक्स केलं, बारीक टोकाने पिपेट ओढलं, की डीएनए मध्येच तुटतो आणि अखंड प्रोव्हायरस मोडका दिसतो. म्हणून माणसाच्या आरपीपी३० जनुकावरही तितक्याच अंतराच्या दोन जागा मोजून तुटीची दुरुस्ती करतात. तूट फार आली तर गणितावर विसंबू नका, डीएनए पुन्हा काढा. दुसरा सापळा विषाणूच्या विविधतेचा. मूळ प्रायमर आणि प्रोब (ठरावीक जागेला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) एचआयव्हीच्या उपप्रकार बी साठी बेतलेले आहेत. रुग्णाच्या विषाणूत प्रोबच्या जागी एखादा बेस वेगळा असला की 'शून्य' येतं. एका जागेला भरपूर थेंब आणि दुसऱ्या जागेला एकही नाही, असं दिसलं की साठा संपल्याचा आनंद करू नका. आधी त्या जागेचं सिक्वेन्सिंग करा.

क्यूव्हीओए ही विषाणू प्लेटमध्ये वाढवून मोजण्याची जुनी, महागडी आणि चिवट चाचणी. सीडी६९, सीडी२५ आणि एचएलए-डीआर या सक्रियतेच्या खुणा असलेल्या पेशी वगळून विश्रांत सीडी४ पेशी वेगळ्या करतात आणि पाचपटीने विरळ करत लावतात: १० लाख, २ लाख, ४० हजार, ८ हजार असं खाली. पीएचए (पेशींना उत्तेजित करणारं रसायन) आणि दुसऱ्या दात्याच्या, किरणोत्साराने निष्प्रभ केलेल्या पेशी घालून त्यांना जागं करतात. मग विषाणूला वाढायला निरोगी दात्याच्या, सीडी८ काढलेल्या सक्रिय पेशी देतात. २ ते ३ आठवड्यांनी पी२४ हे विषाणूचं प्रथिन तपासतात. विषाणू पेशीत शिरायला सीसीआर५ हे प्रथिन वापरतो; दात्याच्या सीसीआर५ जनुकात डेल्टा३२ बदल असला, तर विषाणू उठूनही वाढत नाही. म्हणून एकाच दात्यावर अवलंबून राहू नये.

शून्य लिहिताना हात आखडता घ्या. ३ लाख पेशी तपासून काहीच मिळालं नाही, तर उत्तर 'शून्य' नसून '१० लाखांमागे १० पेक्षा कमी' असं आहे, ९५ टक्के खात्रीने. सूत्र सोपं: ३ ला तपासलेल्या पेशींच्या संख्येने भागायचं. त्यातही या पेशी रक्तातल्या, आणि रक्तात शरीरातल्या लिम्फोसाइट्सपैकी फक्त २ टक्क्यांच्या आसपास असतात. बाकीच्या लसिकाग्रंथी, आतडं, प्लीहा वगैरेंत. अमेरिकेत मिसिसिपीतल्या ज्या बाळाला बरं झालेलं समजलं होतं, त्याच्यात औषधाविना २७ महिन्यांनी विषाणू परतला. एरवी बहुतेकांत तो २ ते ४ आठवड्यांतच परततो.

विषाणूला जागं करणाऱ्या औषधांवर काम असेल तर सुरुवात जे-लॅट पेशींवर (सुप्त प्रोव्हायरस बसवलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) होईल, कारण त्या जाग्या झाल्या की हिरव्या चमकतात. पण प्रत्येक क्लोनमध्ये प्रोव्हायरस एकाच जागी बसलेला आहे आणि पेशी कायम विभाजत असतात. तिथे चमकलेलं औषध रुग्णाच्या पेशीत अनेकदा गप्प बसतं. व्होरिनोस्टॅट या अशाच औषधाने रुग्णांच्या पेशींत विषाणूचा आरएनए वाढला, साठा मात्र घटला नाही. म्हणून आरएनए वाढला, प्रथिन बनलं आणि पेशी मेली या तीन गोष्टी वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

गटात जाण्याआधी विचारून घ्या: ल्युकाफेरेसिसचे (यंत्राने रक्तातून भरपूर पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून घेतलेले) नमुने मिळतात का, की नळीभर रक्तावरच भागवायचं? जैवसुरक्षेच्या प्रशिक्षणाला किती वेळ लागतो? संवर्धनाच्या प्लेटमध्ये वाढणारा विषाणू पूर्ण जिवंत असतो. तिथे काच आणि सुई वापरायची नाही, सेंट्रिफ्यूजचे बंद कप सुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडायचे. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचं: प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर सुरू करण्यात अर्थ नसतो आणि कोर्स २८ दिवसांचा. सुट्टीच्या दिवशी ती कुठे मिळतात, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.