पावसाचा आकडा जपून ठेवा

चोवीस तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. पण तो मोजतात महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) पर्जन्यमापकावर, आपल्या बांधावर नाही, आणि नुकसानभरपाई बऱ्याचदा याच आकड्यावर अडते. म्हणून पेरणीपासून काढणीपर्यंत मी रोज सकाळी चुलीवर चहा ठेवला की मोबाईलवर मंडळाचा आकडा बघते, वहीत उतरवते. एका वर्षी ऐन पंचनाम्याच्या वेळी वेबसाइटचं ते पानच उघडेना. वहीत माझ्या हातचं ‘71.5’ होतं, त्याला कोण विचारतं?

तेव्हापासून पानाचा पत्ता कॉपी करून वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करते; तारीख-वेळेसकट प्रत राहते. जिल्हा, तालुका निवडून उघडणारे तक्ते मात्र तिथे नीट उतरत नाहीत. ते तिथल्या तिथे पीडीएफ करून घ्या, फाईलच्या नावातच मंडळ आणि तारीख टाका, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर.

आकडा गायबच झाला, तर माहिती अधिकार. साधा कागद, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘असं का झालं’ विचारू नका. ‘अमुक मंडळाच्या जुलै महिन्याच्या दैनंदिन पर्जन्य नोंदींची साक्षांकित प्रत द्यावी’ एवढंच लिहा. शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडायचं नाही! 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील; ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे जातं, आणि त्याला ही पोच जोडावी लागते.