पहिल्या मीटिंगला निघण्याआधी

वणीच्या गडावर सप्तशृंगीपुढे मी जन्मभर न पिण्याची शपथ घेतली होती. ती अकरा दिवस टिकली. पुढे एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला गेलो तेव्हा तयारी फक्त एका संध्याकाळची केली, आणि तेवढीच तुम्हीही करा असं मनापासून सांगतो.

त्याआधी शरीराकडे बघा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागले, माणूस बरळायला लागला, तर ते जिवावर बेतू शकतं. सकाळी डोळे उघडताच घोट लागत असेल किंवा पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली असेल, तर पहिली फेरी डॉक्टरकडे, आमच्या नाशिकमध्ये त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे. किती पिता ते खरं सांगा. क्वार्टरची अर्धी क्वार्टर करून सांगितली तर उपचारही चुकतो. मीटिंग औषधांसोबत चालते. तिथे कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर ऐकू नका.

घरच्यांना इथे हात जोडून एक विनंती. जाहिरात बघून आणलेली पावडर भाजीत कालवून देऊ नका. दारू सोडवणारं डायसल्फिरम नावाचं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं.

आता मीटिंग शोधणं. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर पत्ते आणि फोन नंबर असतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा फोन फुकट लागतो. नंबर मिळाला की फोन कराच, पत्त्यावर विसंबू नका. मीटिंग पुष्कळदा शाळेच्या वर्गात किंवा एखाद्या हॉलमध्ये भरते आणि परीक्षा-सुट्ट्यांमध्ये जागा बदलू शकते. वार, वेळ, जवळची खूण, कोणतं गेट, भाषा मराठी की हिंदी, एवढं कागदावर लिहून घ्या. मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, तेही विचारा. क्लोज्डला फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात. बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर ओपन निवडा. घरच्यांसाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट असतो, त्याचीही चौकशी त्याच फोनवर करून टाका.

माझ्या मते सगळ्यात जपायचा तो रस्ता. मीटिंगची वेळ आणि आपली बसायची वेळ बहुधा एकच, दिवेलागणीची. सातपूरहून सीबीएस बसस्टँडकडे यायचं तर कोणत्या वळणावर कोणता बार हे आपल्याला पाठ असतं. म्हणून पहिले काही दिवस बाइक घरी ठेवा आणि सिटीलिंकच्या बसने जा. बाइक वाटेत कुठेही थांबवता येते, बस थांबत नाही. खिशात भाड्यापुरते पैसे असू द्या. निघताना भाकरी-भाजी, पोहे, काहीतरी पोटभर खा, कारण रिकाम्या पोटी तल्लफ वाढते. सेकंड शिफ्ट असेल तर सुट्टीच्या वारची मीटिंग धरा. साहेबाला कारण सांगत बसायची गरज नाही.

तिथे फी नाही, नोंदवही नाही. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. डबा फिरतो त्यात सभासद आपल्या मनाने टाकतात; तुम्ही तो पुढे सरकवा. बोलायची पाळी आली तर नुसतं पहिलं नाव आणि ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरे. समोर ओळखीचा चेहरा दिसला तरी दारातून परतू नका. तोही त्याच दुखण्यापायी आलाय आणि तिथलं बोलणं तिथेच राहतं. कुणी मोठा तज्ज्ञ भेटेल अशी अपेक्षा ठेवू नका. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूच्या व्यसनाने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. पद्धत आजही तीच. प्रार्थनेत ईश्वराचं नाव येतं, ते ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यावं.

पहिल्या दिवशी मला चहा देणाऱ्या काकांनी ग्लास अर्धाच भरला होता. मला वाटलं, संपत आला असेल. मग माझ्या हाताकडे माझं लक्ष गेलं. अर्धा होता म्हणून सांडला नाही. तो प्यायल्यावर त्यांनी न विचारता उरलेला अर्धा ओतला.

मध्येच घसरलात, पिऊन बसलात, तरी पुढच्या वारी जा. हिशेब पुन्हा एकपासून सुरू होतो, दार बंद होत नाही.

मीटिंग संपल्यावर निघण्याआधी तिथल्या दोघांचे नंबर घ्या आणि पुढची मीटिंग कुठे ते विचारून त्याच कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी दुपारी, तल्लफ नसताना, त्यातला एक नंबर लावून बघा. काय बोलायचं सुचलं नाही तर ‘काल आलो होतो’ एवढंच म्हणा, पुढचं तो माणूस सांभाळून घेतो.