गेमिंग कन्सोलची पहिली किंमत ठरवताना या चुका टाळा

नवा गेमिंग कन्सोल बाजारात आणताना केवळ यंत्राचा खर्च मोजून त्यावर नफा चढवणे ही जुनी आणि महागात पडणारी चूक आहे. १९९३ साली आलेला थ्रीडीओ हे तिचे ठळक उदाहरण. एरवी कन्सोल कमी नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकला जातो आणि खेळांच्या प्रत्येक प्रतीवर मिळणाऱ्या रॉयल्टीतून ती तूट भरून निघते. थ्रीडीओची रॉयल्टी मात्र यंत्र बनवण्याचा परवाना देणाऱ्या थ्रीडीओ कंपनीकडे जात असल्याने यंत्र बनवणाऱ्या पॅनासॉनिकला यंत्रावरच नफा काढावा लागे. अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलरवर गेली ती त्यामुळेच.

दुसरी चूक घाईची. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेम प्रदर्शनात सेगाने आपला सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरला लगेच विक्रीस आणल्याचे जाहीर केले, आणि सोनीने त्याच दिवशी प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर सांगितली. ठरावीक दुकानांनाच माल मिळाल्याने वगळलेले दुकानदारही बिथरले. माझ्या मते हे नुकसान शंभर डॉलरच्या फरकाहून मोठे होते, कारण किंमत उतरवता येते. दुरावलेला दुकानदार सहज परत येत नाही.

न मागितलेली वस्तू किमतीत बांधून देणेही टाळावे. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन हा शरीराच्या हालचाली टिपणाऱ्या किनेक्ट कॅमेऱ्यासह ४९९ डॉलरला आला, तर प्लेस्टेशन ४ ची किंमत ३९९ होती. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला किनेक्टविना ३९९ डॉलरचा संच आणावाच लागला.

किंमत चुकलीच, तर काय करावे? निन्टेन्डो थ्रीडीएसचा दाखला इथे नीट अभ्यासण्याजोगा आहे. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला आलेल्या या यंत्राची विक्री मंदावताच ऑगस्टमध्ये किंमत थेट १७० डॉलरच्या आसपास आणली गेली. अशा कपातीत आधी खरेदी केलेला, म्हणजे सर्वाधिक विश्वास टाकलेला ग्राहकच फसवला गेल्यासारखा होतो. निन्टेन्डोने या ग्राहकांना वीस जुने खेळ मोफत दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्म्याने कमी केले. पण केवळ कपातीवर भिस्त ठेवली असती तर ती अपुरी पडली असती. वर्ष संपण्यापूर्वी सुपर मारिओ थ्रीडी लँड आणि मारिओ कार्ट ७ हे खेळ आले, तेव्हा कमी झालेल्या किमतीत यंत्र घेण्यास ग्राहकाला कारणही मिळाले.