एकट्यानं कॅनूतून गळ टाकताय? या चुका टाळा

कोल्हापुरात होडी नसली तरी गुळाची काहिल, म्हणजे गूळ शिजवायची मोठी पसरट कढई, असते. महापुरात ती माणसं काढते, एरवी पोरं तिच्यात बसून गळ टाकतात. काहिल जागेवर भिंगरीसारखी फिरते, पण पसरट असल्यामुळं बऱ्याच चुका पोटात घालते. कॅनू लांब आणि अरुंद, ती काहीच पोटात घालत नाही. म्हणून काहिलीत मुरलेला गडीसुद्धा कॅनूत पहिल्या दिवशी फसतो. मी तरी फसलो.

पहिली चूक म्हणजे मागच्या फळीवर बसणं. ती जागा दोघांतल्या मागच्या माणसाची. तिथं एकटा बसलात की पुढचं टोक हवेत जातं आणि वारा त्याला पकडून होडी फिरवतो. धरणाच्या फुगवट्यावर मी अर्धा तास वल्हं मारत होतो आणि होडी माझ्या मनाविरुद्ध काठाकडं तोंड करत होती. दोष वाऱ्याला दिला, खरा दोष बुडाखालच्या जागेचा होता. दोन्ही टोकं सारखी असतील आणि मधली आडवी पट्टी पायांत येत नसेल, तर होडी उलटी वापरा: पुढच्या फळीवर मागं तोंड करून बसा, म्हणजे वजन मध्याजवळ येतं. तरीही टोक उचलतंय? पंधरा-वीस लिटर पाण्याचा कॅन लांबच्या टोकाला ठेवा. वारा जोरात असेल तर फळी सोडून मध्याच्या जरा मागं गुडघ्यावर बसा. गुडघ्याखाली जुनं पोतं घाला, नाहीतर तासाभरात उठवत नाही.

वजन बरोबर असूनही होडी वळतेच, कारण उजवीकडं वल्हं मारलं की ती डावीकडं जाते. दर दोन फटक्यांनी बाजू बदलू नका, सगळं पाणी मांडीवर येतं. फटका संपताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवा आणि पात्यानं पाणी होडीपासून बाहेर ढकला. दोन-तीन सकाळी गेल्या की हात आपोआप वळतो.

नांगराची चूक जास्त महागात पडते. दोर मध्यावर, होडीच्या काठाला बांधला तर हाताशी राहतो खरा, पण वाहत्या पाण्यात होडी आडवी होते, वरच्या अंगाचा काठ खाली दबतो आणि पाणी आत येतं. नांगर नेहमी टोकाला, तोही एका झटक्यात सुटेल अशा गाठीनं. चाकू हाताशी हवा. दोर खोलीच्या निदान तिप्पट ठेवा, आखूड दोरावर नांगर धरत नाही. दोराचं टोक कमरेला बांधायचा शहाणपणा मात्र करू नका. पंचगंगेला ओढ असेल तेव्हा मी नांगर टाकतच नाही.

मासा लागला की माणूस वाकतो, आणि होडी उलटते ती तिथंच. नाक होडीच्या काठाबाहेर गेलं नाही पाहिजे. मोठा कटला असेल तर त्याला होडी ओढू द्या, तोच दमतो. मग लांब दांड्याच्या हातजाळीनं उचला. वाम आत आली तर सापासारखी वळवळते, पाठीवर काटेही असतात. घाबरून उभं राहिलात तर वामीसकट तुम्ही पाण्यात!

"मला पव्हायला येतंय की," म्हणून लाइफ जॅकेट फळीखाली ठेवणारे पुष्कळ. कपडे-बुटांसह पडल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही, अंगावरच हवं. खोल पाण्यात एकट्यानं परत चढायला गेलं की होडी बहुतेक पुन्हा भरते. तिला धरून पाय मारत काठाकडं या. म्हणून पोहून परत येता येईल तेवढंच आत जायचं. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, दमल्यावर येताना वारा पाठीशी राहतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग गोळा झाले की वळवाची वाट बघू नका. पहिल्या गडगडाटाला काठ गाठा, गळाची कार्बनची दांडी आडवी करून.

बंधाऱ्याजवळ तर जाऊच नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असताना वरचं पाणी तळ्यासारखं निवांत दिसतं, पण खाली कोसळणारं पाणी भोवऱ्यात धरून ठेवतं. पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीतून ते पाणी पंचगंगेत येतं, तेव्हा गळ घरीच बरा. तसाही तो रोहू-कटल्याच्या विणीचा काळ.

धरणात मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. आधी गावात विचारा. आणि निघताना घरी जागा आणि परतायची वेळ सांगा. आमच्याकडं साडेदहा ठरलेत. पावणेअकरापर्यंत माझा फोन गेला नाही, तर बायको आधी काठावरच्या चहावाल्याला फोन लावते.