कोल्हापूरला विमान उतरवताना: डिसेंट (खाली येणं) आणि अ‍ॅप्रोच (धावपट्टीकडची शेवटची वाट) यांमधल्या या चुका टाळा

मुंबई विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० फुटांवर, तर आपलं उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, सुमारे २००० फुटांवर. तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावर अल्टिमीटर (उंची दाखवणारं घड्याळ) ३००० फूट दाखवतो तेव्हा मुंबईची धावपट्टी अजून नऊ-साडेनऊ नॉटिकल मैल लांब असते. कोल्हापुरात ती तीन मैलांवर आलेली असते. रोज मुंबईत उतरणाऱ्याच्या डोळ्यांत मुंबईचे आकडे बसलेले असतात आणि इथल्या बऱ्याच गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

हिशेब समुद्रापासून धरणं

तीनपटीचा नियम सगळ्यांना पाठ असतो: जितके हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट मैल आधी डिसेंट सुरू करायचा. १६,००० फुटांवरून येणाऱ्या एटीआरला (पंख्यांवर चालणाऱ्या छोट्या प्रवासी विमानाला) इथं १४,००० फूटच उतरायचे असतात, म्हणजे ४२ मैल. वेग कमी करण्यासाठी दर १० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) एक मैल वाढवा, पाठचा वारा असेल तर दर १० नॉटला आणखी दीडेक मैल. विमानतळाची उंची वजा करायची राहिली तर डिसेंट ४८ मैलांवर सुरू होतो. सहा मैल लवकर उतरल्यानं काय बिघडलं, थोडं इंधन जास्त जाईल, असं वाटतं. पण त्याच सवयीनं दहा मैलांवर ३००० फुटांवर सरळ आलात, तर खालच्या पठारापासून तुम्ही हजार फुटांवर आहात, आणि वायव्येला पन्हाळा-जोतिबाचे माथे तीन हजारांच्या आसपास आहेत. चार्टवर छापलेल्या किमान सुरक्षित उंचीखाली, प्रक्रियेत तशी मुभा असल्याशिवाय, जायचं नाही.

वर राहून गेल्यावर नाक दाबणं

उलटी चूक जास्त वेळा होते. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) शॉर्टकट देतं, वीस मैल वाचतात आणि विमान वर राहून जातं. मग नाक खाली दाबलं की वेग चढतो, फ्लॅपच्या (पंखांच्या मागच्या, कमी वेगात उडू देणाऱ्या झडपांच्या) मर्यादेच्या वर जातो, आणि फ्लॅप बाहेर काढता येत नाहीत म्हणून वेग उतरत नाही. एटीआरला हे निभावतं, कारण पॉवर काढली की पंखेच ब्रेकसारखे काम करतात. एम्ब्रेअरसारखं जेट मात्र घसरतच राहतं. सरळ उड्डाणातही त्याला १० नॉट उतरवायला साधारण एक मैल लागतो. अशा वेळी स्पीडब्रेक (पंखांवर उघडणाऱ्या, वेग मारणाऱ्या फळ्या) वापरा आणि वेग मर्यादेत येताच चाकं लवकर काढा. एवढ्यानं भागत नसेल तर एटीसीकडे सरळ जादा मैल मागा. त्यात कमीपणा कसला? शॉर्टकट नाकारायलाही कुणी बंदी केलेली नाही.

उतरण्याचा दर काढायला ग्राउंडस्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) गुणिले पाच. १२० नॉटला मिनिटाला ६०० फूट. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान असेल तर इथली हवा ५००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगाच्या घड्याळात ११० नॉट दिसले तरी खरा वेग ११९ च्या घरात असतो. उतरण्याचा दर आणि लागणारी धावपट्टी, दोन्ही त्या हिशेबानं वाढतात.

क्यूएनएच

क्यूएनएच म्हणजे अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब. त्यातला एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. पावसाळ्यात दाब १००५ असताना अल्टिमीटर १०१३ या प्रमाण दाबावरच राहिला, तर विमान दाखवल्यापेक्षा सव्वादोनशे फूट खाली असतं. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रकानं १००१ ऐवजी १०११ सांगितलं. भर पावसात एक ए-३२० प्रवासी विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून सहा फुटांपर्यंत आलं आणि तिथून गो-अराउंड करून (उतरणं सोडून पुन्हा वर चढून) वाचलं. बॅरोमेट्रिक उंचीवर चालणाऱ्या अ‍ॅप्रोचमध्ये उतार दाखवणारा काटा मधोमध दिसतो, कारण तोही त्याच चुकीच्या दाबावर चालत असतो. म्हणून सांगितलेला आकडा हवामान अहवालाशी ताडून बघा आणि पठारावर आल्यावर रेडिओ अल्टिमीटरवर (रेडिओलहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्रावर) नजर टाका.

बटण फिरवलं, मोड बघितला नाही

२० जानेवारी १९९२ ला स्ट्रासबुर्गजवळ ए-३२० डोंगरावर आदळलं, ८७ जण गेले. तपासातली सर्वांत संभाव्य शक्यता अशी: ऑटोपायलटला ३.३ अंशांचा उतार लावायचा होता, पण त्याचा मोड उतरण्याच्या दराचा होता, त्यामुळे ३३ चा अर्थ मिनिटाला ३३०० फूट झाला. योग्य दर आठशेच्या आसपास होता. बटण फिरवल्यावर बटणाकडे नाही, समोरच्या पडद्यावर वरच्या ओळीत काय उमटलं ते बघायचं आणि मोठ्यानं वाचायचं.

पाठचा वारा चालवून घेणं

हैदराबादहून येणाऱ्याला धावपट्टी २५ (पश्चिमेकडे तोंड करून उतरण्याची दिशा) सरळ समोर पडते. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेचा असला की तो पाठीत येतो. बहुतेक विमानांची मर्यादा १० किंवा १५ नॉट, पण मर्यादेत असणं म्हणजे फुकट नव्हे: वेगाच्या दहा टक्के पाठचा वारा लँडिंगचं अंतर सुमारे वीस टक्क्यांनी वाढवतो.

रात्री याच बाजूला उसाच्या शेतांचा अंधार आणि पुढे शहराचे दिवे. अशा वेळी आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि हात आपोआप विमान खाली नेतो. नजरेवर विसंबू नका, पापीचे (धावपट्टीशेजारचे, उतार बरोबर आहे का ते दाखवणारे) दिवे बघा: दोन पांढरे, दोन लाल. चारही लाल दिसले तर गो-अराउंड.

गेटवर न थांबणं

गेट म्हणजे शेवटच्या तपासणीची उंची: विमानतळापेक्षा हजार फूट वर, म्हणजे इथं अल्टिमीटरवर ३००० ला, चाकं आणि फ्लॅप लागलेले, चेकलिस्ट संपलेली, वेग ठरल्यापेक्षा कमी नाही आणि २० नॉटपेक्षा जास्त वर नाही, उतरण्याचा दर हजाराच्या आत. यातली एक जरी गोष्ट नसेल तर गो-अराउंड. "होईल नीट" हे उत्तर नव्हे. २२ मे २०१० ला मंगळूरला सहवैमानिकानं तीनदा गो-अराउंड सुचवलं होतं. विमान सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीवर ५२०० फूट ओलांडून टेकलं आणि १५८ जण गेले. म्हणून सहवैमानिकानं "थोडं फास्ट वाटतंय" असं घुटमळत न सांगता "अनस्टेबल, गो-अराउंड" एवढंच म्हणावं, आणि कॅप्टननं वाद न घालता थ्रॉटल पुढे करावा. चाकं वर घ्यायची ती विमान नक्की चढतंय हे दिसल्यावरच. गो-अराउंडची उंची अ‍ॅप्रोचवर असतानाच ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत लावून ठेवा. ऐनवेळी ती शोधत बसलात तर दोघांच्याही माना खाली जातात.

दुसऱ्या गो-अराउंडनंतर बेळगावला जायचं की आणखी थांबायचं, हेही डिसेंटपूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये इंधनाच्या आकड्यासह ठरवा. बेळगाव पन्नासेक मैलांवर आहे, पण तिथंही पाऊस तोच असतो. म्हणून तिथला ताजा अहवाल वर असतानाच मागवून घ्या.