मेल सर्व्हरमधला बफर ओव्हरफ्लो कसा दुरुस्त करावा: एक्झिममधल्या एका बाइटचा हिशेब

एक्झिम हा लिनक्सवर फार मोठ्या प्रमाणावर चालणारा मेल सर्व्हर. फेब्रुवारी २०१८ मध्ये तैवानच्या डेव्हकोअर कंपनीतल्या संशोधकांनी त्यात एक चूक शोधली, सुरक्षा त्रुटींच्या जागतिक यादीत (सीव्हीई) तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-६७८९. ठरलेल्या जागेपेक्षा (बफरपेक्षा) फक्त एक बाइट जास्त लिहिला जात होता, यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. तेवढ्याच्या जोरावर, लॉगिन न करता, सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो हे त्यांनी दाखवून दिलं. ५ फेब्रुवारीला चूक कळवली गेली आणि १० तारखेला दुरुस्त आवृत्ती ४.९०.१ आली. बफर ओव्हरफ्लो दुरुस्त करायला शिकायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण, कारण सगळी चूक एका ओळीच्या गणितात आहे.

आधी हिशेब कागदावर मांडा

बेस६४ म्हणजे कुठलाही डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत. चूक ती अक्षरं परत डेटात बदलणाऱ्या (डीकोड करणाऱ्या) फंक्शनमध्ये होती. बेस६४ मध्ये ४ अक्षरांचे ३ बाइट होतात. हे फंक्शन मेमरीत जागा मागायचं ती अशी:

३ * (लांबी / ४) + १

शेवटचा १ हा स्ट्रिंग संपवणाऱ्या शून्य बाइटसाठी. लांबी ४ च्या पटीत असेल तर हिशेब चोख बसतो. पण सी भाषेत पूर्णांकांचा भागाकार बाकी टाकून देतो. समजा ७ अक्षरं आली. ७ / ४ म्हणजे १, म्हणून जागा मिळाली ४ बाइट. पहिल्या चार अक्षरांचे ३ बाइट लिहिले गेले, उरलेल्या तिघांचे आणखी २. एकूण ५. एक बाइट कुंपणाबाहेर.

इथे एक गोष्ट नीट पाहा. सातवं अक्षर वाचून झाल्यावर फंक्शन आठवं शोधतं, स्ट्रिंग संपलेली दिसते आणि ते उणे १ परत करतं, म्हणजे इनपुट चुकीचं असल्याचं बरोबर सांगतं. पण पाचवा बाइट त्याच्या आधीच लिहून झालेला असतो. म्हणून जागेचा हिशेब फक्त यशस्वी वाटेसाठी करू नका. फंक्शनमधून बाहेर पडायच्या जितक्या वाटा आहेत, त्या प्रत्येकीपर्यंत किती बाइट लिहिले गेले ते मोजा. अनेक चुका एररच्या वाटेवर दडलेल्या असतात, कारण तिकडे कोणी फिरकत नाही.

चूक हातात पकडा

७ अक्षरं पाठवून सर्व्हर कोसळतो का पाहिलं तर काहीच होणार नाही. एक्झिम दर वेळी सिस्टिमकडे मेमरी मागत नाही. मोठे ब्लॉक घेऊन त्यातून स्वतः तुकडे वाटतं आणि प्रत्येक तुकडा ८ च्या पटीत वाढवून देतं. ४ मागितले तरी ८ मिळतात आणि जादाचा बाइट त्या रिकाम्या जागेत मुरतो. धोका होतो तो २३ अक्षरांवर: मागणी बरोबर १६ बाइटांची, लेखन १७ बाइटांचं, मध्ये मोकळी जागा शून्य. सतरावा बाइट शेजारच्या डेटावर पडतो. कोसळलंच तर ते पुढे कुठेतरी भलत्याच ठिकाणी, आणि तिथली ओळ दुरुस्त करत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

याच कारणाने अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या हद्दीबाहेरचं लेखन पकडणारं कम्पाइलरचं साधन) लावून पूर्ण सर्व्हर कम्पाइल केला तरी ही चूक हमखास सापडेल असं नाही. त्याला फक्त मोठा ब्लॉक दिसतो, आतले तुकडे दिसत नाहीत. त्यासाठी असं करा. डीकोड करणारं फंक्शन वेगळ्या छोट्या प्रोग्राममध्ये काढा. एक्झिमच्या मेमरी वाटपाच्या जागी साधं मॅलॉक, म्हणजे मेमरी मागणारं सी भाषेतलं नेहमीचं फंक्शन, वापरा. सॅनिटायझर चालू करून ० ते १०० पर्यंत प्रत्येक लांबीची स्ट्रिंग द्या. ३ अक्षरांवरच ते ओरडेल: जागा १ बाइट, लेखन २ बाइट. मग ७, ११, १५ असं प्रत्येक वेळी बाकी ३ उरली की पुन्हा.

दुरुस्ती

एक्झिमच्या टीमने सूत्र असं बदललं:

१ + लांबी / ४ * ३ + लांबी % ४

% म्हणजे भागाकारात उरलेली बाकी. २३ अक्षरांसाठी १९ बाइट, लागतात १७. दोन बाइट वाया जातात, जाऊ द्या. जागेची काटकसर करून वर अटी वाढवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

लांबी ४ च्या पटीत नसेल तर इनपुट सरळ नाकारावं, असा मोह इथे होतो. हे फंक्शन मधल्या मोकळ्या जागा आणि नवी ओळ ओलांडून पुढे जातं, त्यामुळे योग्य इनपुटचीही कच्ची लांबी ४ च्या पटीत असेलच असं नाही. चांगले क्लायंट अडतील. जागाच पुरेशी द्या.

आता पूर्ण कोडमध्ये याच जातीचं गणित शोधा: भागाकार करून जागा मागणारी प्रत्येक ओळ. शोधताना दोन नेहमीच्या फसव्या दुरुस्त्याही तपासा. स्ट्रिंगची नक्कल करणाऱ्या स्ट्र-कॉपीच्या जागी लांबीची मर्यादा घेणारं स्ट्र-एन-कॉपी टाकलं, पण स्ट्रिंग बफरएवढी किंवा मोठी असेल तर ते शेवटी शून्य लिहीत नाही. वाचणारा पुढे वाहवत जातो. बफरमध्ये मजकूर मांडून लिहिणारं एस-एन-प्रिंट-एफ तर किती लिहिलं ते सांगत नाही, जागा असती तर किती लिहिलं असतं ते सांगतं. तो आकडा तसाच पॉइंटरमध्ये (मेमरीतल्या जागेच्या पत्त्यात) मिळवला की पॉइंटर बफरच्या बाहेर.

वर लिहिलेली ० ते १०० ची चाचणी कायमच्या टेस्टमध्ये ठेवा. स्टॅक प्रोटेक्टरसारख्या कम्पाइलरच्या संरक्षणावर विसंबू नका. ते फक्त स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या चलांची मेमरी, राखतं. ही चूक हीपमधली, म्हणजे चालताना मागून घेतलेल्या मेमरीतली आहे, स्टॅकवरची नाही. शिवाय प्रत्येक जोडणीसाठी मुख्य प्रोसेस फोर्क होते, म्हणजे स्वतःची प्रत (मूल) काढते. एक मूल मेलं तरी पुढचं त्याच मेमरी मांडणीसह जन्मतं, आणि हल्लेखोराला पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी

ही चूक जाहीर झाली तेव्हा सेटिंग बदलून टाळता येईल असा कुठलाही तात्पुरता उपाय एक्झिमच्या टीमला माहीत नव्हता. अपडेट हाच मार्ग. मात्र फक्त आवृत्तीचा आकडा बघून घाबरू नका किंवा निश्चिंतही होऊ नका. डेबियन ९ मध्ये आकडा ४.८९ च राहिला, नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवलेलं पॅकेज होतं ४.८९-२+डेब९यू३. पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि चेंजलॉगमधला (बदलांच्या नोंदीतला) सीव्हीई क्रमांक दोन्ही ताडून बघा.

पॅकेज बदललं तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीतला जुनाच कोड चालवत असते. सर्व्हिस रीस्टार्ट करा. मग चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या लिनक्सच्या प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसची मूळ फाइल बघा. तिच्यापुढे 'डिलीटेड' लिहिलेलं असेल तर जुनी प्रोसेस अजून जिवंत आहे, तिला थांबवून पुन्हा सुरू करा.